करार शेवटच्या पानापासून वाचा

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा गाड्यांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. ऑर्डर, चलन आणि कामगारांचे पगार एकाच जागी दिसावेत म्हणून बाणेरच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर करून घेतोय. देखभालही तीच कंपनी करणार. त्यांनी १४ पानांचा करार पाठवलाय. ‘सगळ्यांशी हाच करतो, फक्त सही करा’ म्हणतात. माझा पार्टनर म्हणतो, ओळखीतली माणसं आहेत, कशाला कीस पाडायचा? सही करू का?
– एक उद्योजक, भोसरी

उत्तर : आज करू नका. आणि पार्टनरना सांगा, ओळखीतल्या माणसाशीच करार नीट लिहावा. अनोळखी माणसाशी भांडताना निदान संकोच तरी आड येत नाही.

मसुदा सोबत जोडलात ते बरं केलंत. असा मसुदा मी शेवटून वाचते. सुरुवातीला व्याख्या आणि सदिच्छा असतात, खाचाखोचा मागच्या तीन-चार पानांत. तुमच्याही तिथेच आहेत. कंपनी ३० दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडू शकते, तुम्हाला मात्र ९० दिवस. बाहेर पडल्यावर तुमचा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार, यावर चकार शब्द नाही. उद्या बिलावरून वाजलं आणि पगाराच्या आदल्या दिवशी त्यांनी लॉगिन बंद केलं, तर शंभर कामगारांना काय सांगणार? त्यामुळे असं कलम घाला : करार कोणत्याही कारणाने संपो, पैशांचा वाद चालू असो वा नसो, १५ दिवसांत सगळा डेटा एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलींत परत द्यायचा, आणि पुढचे दोन महिने ठरल्या दराने नव्या व्हेंडरला काम समजावून द्यायचं. नोटिशीची मुदत दोघांना सारखी. बाकी काही पदरात पडलं नाही तरी एवढं सोडू नका.

आता मालकी. पैसे मोजले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा होतो. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला तिचाच राहतो, लेखी हस्तांतर केल्याशिवाय. त्यातही कलम १९ ची मेख आहे. हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुमच्या मसुद्यात ‘सर्व हक्क ग्राहकाकडे’ एवढी एक ओळ आहे, पुढे ना मुदत, ना प्रदेश. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. सगळा कोड मात्र मागू नका, ते देणार नाहीत आणि त्यांचं चूकही नाही. जुन्या तयार मॉड्यूलांवरच त्यांचा धंदा चालतो. तुमच्यासाठी नव्याने लिहिलेला भाग तुमचा, उरलेला वापरायचा कायमचा परवाना, यावर तडजोड होते.

भरपाईची मर्यादा त्यांनी एका महिन्याच्या शुल्काइतकी ठेवलीय. मर्यादा असण्यात गैर नाही, पण ही फारच आखूड. बारा महिन्यांच्या शुल्कापर्यंत ताणा आणि डेटा फुटणं, गोपनीयतेचा भंग, फसवणूक हे तिच्याबाहेर ठेवा. तुम्ही समासात पेन्सिलीने ‘उशीर झाल्यास दिवसाला ५० हजार दंड’ लिहिलंय ते मात्र खोडा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा; न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं. दिवसाला खरं किती नुकसान होईल याचा हिशेब मांडा आणि तो आकडा घाला.

कामगारांचे आधार क्रमांक आणि बँक खाती त्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार, हे विसरू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात तुमच्या वतीने डेटा हाताळणाऱ्याच्या चुकीलाही जबाबदार तुम्हीच, आणि सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. तुम्हाला कोणी २५० कोटी लावणार नाही, पण कंपनीकडे बोट दाखवून सुटकाही होणार नाही. डेटा फुटल्याचं कळताच २४ तासांत तुम्हाला कळवायचं, हे कलम हवंच.

आणि वाद झाल्यास लवाद (म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा करणारा पंच) बंगळुरूत कशासाठी? कंपनी बाणेरची, तुम्ही भोसरीचे! कुठल्या तरी जुन्या करारातून उचलून चिकटवलेलं दिसतंय. शिवाय एकमेव लवाद कंपनीच नेमणार. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने असा एकतर्फी लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केलंय. म्हणून ते कलम राहू द्यावं असं नाही. ते चुकीचं आहे हे सांगायलाच बंगळुरूचे खेटे घालावे लागतील. ‘पुणे’ लिहा, लवाद दोघांच्या संमतीने.

प्रश्न : मी कोथरूडला घरून दोन कंपन्यांची पेरोल आणि जीएसटीची कामं करते. त्यातल्या मोठ्या कंपनीने नव्या करारात ‘बिल मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे’ असं घातलंय. हरकत घेतली तर काम जाईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर नव्या करारावर सही करण्याआधी करा. ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचं कलम १५ लागू होतं. लेखी करारात काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

पण व्याजाची भाषा करू नका, त्याने माणसं बिथरतात. त्यांच्या अकाउंट्स विभागाला आयकराची आठवण द्या : १ एप्रिल २०२४ पासूनच्या तरतुदीनुसार मुदत उलटून गेलेली तुमची रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्यांना खर्च म्हणून वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की तुमचं बिल ते आपण होऊन शोधतील. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा, आणि मुदतीबद्दलचं बोलणं फोनवर न करता मेलवर करा.