'पवित्र' म्हणजे सोवळ्यातला का?

गिरगावातल्या एका वाचकाची शंका आहे. ख्रिस्ती मित्राच्या घरी प्रार्थनेला गेले असता तिथे 'रोजच्या जगण्यात पवित्र राहा' असा उपदेश झाला आणि जमलेल्यांना 'पवित्र जन' म्हटलं गेलं. लोकलला लोंबकळणारा, मिळेल तिथे वडापाव खाणारा माणूस पवित्र कसा राहणार, असं ते विचारतात. शिवाय 'पावित्र्यता' हा शब्द बरोबर का?

दुसरं आधी उरकतो. पवित्रता किंवा पावित्र्य. 'पावित्र्यता' म्हणजे भाववाचक प्रत्ययावर पुन्हा प्रत्यय, 'सौंदर्यता'सारखा. 'पवित्र्य' असंही फलकांवर दिसतं, तेही चूक. 'पवित्र्यात' हे रूप मात्र आहे, पण ते 'पवित्रा' या शब्दाचं. 'मंदिराच्या पवित्र्यात' असं लिहिलं तर देऊळ लढायला उभं राहिल्यासारखं होतं.

आता मुख्य शंका. संस्कृतात 'इत्र' प्रत्यय साधन दाखवतो: खणायचं ते खनित्र, शुद्ध करायचं ते पवित्र. वेदांत सोमरस गाळायची गाळणी म्हणजे पवित्र, आणि धार्मिक विधीत अनामिकेत घालतात ती दर्भाची अंगठीही पवित्रच. पुढे मराठीत हे विशेषण नदीला, तीर्थाला, लग्नाच्या बंधनाला चिकटलं. चालत्याबोलत्या माणसाला आपण सहसा 'सज्जन' म्हणतो, फार तर 'देवमाणूस'. आणि 'अपवित्र' म्हटलं की मनात विटाळच येतो. प्रश्नातला वडापाव तिथूनच आला आहे.

मराठी बायबलात 'पवित्र' ज्या हिब्रू शब्दासाठी येतो तो 'कादोश'. त्याचा गाभा वेगळेपणाचा आहे: देवासाठी राखून ठेवलेलं. वेगळं राखणं हा अर्थ आपल्या 'सोवळ्या'तही आहे, किंबहुना 'पवित्र'पेक्षा जास्त. पण सोवळं शिवाशिवीने मोडतं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही. खाण्यापिण्याच्या नियमांसाठी मराठी बायबल 'शुद्ध-अशुद्ध' ही वेगळी जोडी वापरतं. ते नियमही येशूने मागे सारले: माणूस भ्रष्ट होतो तो पोटात जाणाऱ्या अन्नाने नाही, मनातून बाहेर येणाऱ्या वाईटाने, असं त्याने सांगितलं. वडापाव सुटला.

मग वेगळेपण दिसायचं कशात? बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय उघडावा. सुरुवातीलाच 'तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे' ही देवाची आज्ञा येते. पुढे ध्यानधारणा येईल असं वाटतं, पण येतात ते व्यवहार. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वजनमाप खरं असावं. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं राहावं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे प्रसिद्ध वाक्यही मूळचं याच अध्यायातलं.

हे मुंबईत आणून पाहा. सकाळी नाक्यावरून नेलेल्या रंगाऱ्याला संध्याकाळी 'सुट्टे नाहीत, उद्या ये' म्हणणारा मुकादम या अध्यायाप्रमाणे अपवित्र, मग तो रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर का बसेना. ठाणे लोकलमध्ये आजोबा समोर येताच झोपेचं सोंग घेणाराही त्याच रांगेत. मला हा अध्याय आवडतो तो यासाठी, की त्यात पवित्र माणूस ओळखायला त्याचं तोंड पाहावं लागत नाही, त्याच्याकडे कामाला असलेल्याला विचारलं की पुरे.

'पवित्र जन' हा शब्दप्रयोग बायबलच्या नव्या करारातला, म्हणजे येशूपासून पुढच्या भागातला, मुख्यतः पौल या पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांमधला. तो निधन पावलेल्या थोरांसाठी नाही, अख्ख्या मंडळीसाठी, म्हणजे सगळ्या श्रद्धावंतांसाठी आहे. करिंथ शहरातल्या मंडळीला त्याने असंच संबोधलं, आणि त्याच पत्रात एकमेकांना कोर्टात खेचता म्हणून खडसावलं! म्हणजे ही पदवी गुणपत्रिका पाहून दिलेली नाही. ते देवाचे झाले म्हणून दिलेली आहे, वागणं त्यामागून यायचं.

कॅथलिक वापरात 'संत' हा शब्द मात्र चर्चने अधिकृतपणे घोषित केलेल्यांसाठी येतो. उदाहरणार्थ, वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया: 1597 मध्ये नागासाकीला हौतात्म्य, 1862 मध्ये संतपद. जाता जाता, आपला 'संत' संस्कृत 'सत्'वरून आला आणि लॅटिन 'सांक्टुस' (पवित्र) या शब्दाशी त्याचं साम्य निव्वळ योगायोगाचं. तरी दोन्ही परंपरांना तो आपलाच वाटतो.

रोजच्या जगण्यासाठी मला विचाराल तर सगळ्यांत नेमका शब्द 'पवित्रीकरण'. रुक्ष आहे, सरकारी परिपत्रकातला वाटतो, पण त्यातला 'ई' महत्त्वाचा: जे तसं नव्हतं ते तसं करणं. 'शुद्धीकरण', 'सुलभीकरण' यांतला तोच. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिताना पौल म्हणतो, तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे. आणि काही ओळींनंतर सांगतो, शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत असे.