दादा बंद दवाखान्यात जाऊन का बसायलेत?

"मॅडम, आमचे सासरे दिवसभर बंद दवाखान्यात बसायलेत, जुनी रजिस्टरं चाळायलेत, जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीत, डोक्यावर परिणाम झालाय का?" लातूरला माझ्याकडं आलेल्या एका सूनबाईंचा हा प्रश्न. म्हाताऱ्या आईवडलांबद्दल असंच विचारणारे खूप येतात, म्हणून परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही असं लिहितेय.

दादा म्हणजे एका तालुक्याच्या गावचे डोळ्याचे डॉक्टर, वय 81. 1972 च्या दुष्काळात दवाखाना टाकला, त्यावरच बहिणींची लग्नं केली, तीन लेकरं शिकवली. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा डोळ्याचा डॉक्टर माणूस आठ दिवस तिकडं जखमा शिवत होता. हात थरथरायला लागला तसं ऑपरेशन स्वतःहून बंद केलं आणि मागच्या वर्षी दवाखान्यालाच कुलूप लावलं.

घरच्यांना वाटलं विसरभोळेपणा सुरू झाला. मलाही आधी तीच शंका आली, पण तारीख-वार सगळं बरोबर, उलट मलाच विचारलं, "चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?" स्मरणशक्ती ठणठणीत होती, झोप मात्र गेली होती, वजन उतरलं होतं. म्हातारपणातलं डिप्रेशन कितीदा असंच असतं, रडणं नाही काही नाही, माणूस नुसता गप्प होत जातो. बी-12, थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं, सायकियाट्रिस्टकडं पाठवलं, त्यांनी गोळी सुरू केली.

तिसऱ्या वेळेस येताना दादा पिशवीत एक रजिस्टर घेऊन आले. 1983 च्या शिबिराचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तेव्हा झेडपीच्या शाळेत बाकं जोडून मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची, आत भिंग बसवायची सोय नव्हती, नुसता मोतीबिंदू काढायचा न् नंतर जाड भिंगाचा चष्मा द्यायचा. एका नावापुढं लाल पेन्सिलीची फुली होती, दादांनी त्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. "तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर आत पू. डोळा गेला."

त्या शिबिरातले बाकी सगळे बघते झाले होते, पण दादा चाळीस वर्षं ह्या एका नावापाशी बसून होते. घरी कधी विषय काढला की पोरं म्हणायची, "दादा, तुम्ही हजारो लोकांना दृष्टी दिली, एवढं काय घेऊन बसलात?" प्रेमानंच म्हणायची, पण त्या वाक्यानं माणसाचं तोंड बंद होतं, हे मला इथं कळकळीनं सांगायचंय. त्याला शाबासकी नको असते, ते नाव कुणीतरी ऐकून घ्यायला पाहिजे असतं.

मी 'तुमची चूक नव्हती' म्हणले नाही, मला काय माहीत होती की नव्हती. एवढंच विचारलं, "त्या माउलीचं पुढं काय झालं?"

मग तासभर बोलले. दर बाजाराच्या दिवशी तिच्या गावी जाऊन ड्रेसिंग करायचे. "दुसरा डोळा तिनं सोलापूरला केला, माझ्याकडं नाही आली. बरोबर केलं तिनं." आणि त्यानंतर त्यांनी शाळेत एकही ऑपरेशन केलं नाही, पेशंट जीपमध्ये घालून आपल्या थिएटरला आणायचे, खर्च वाढला तरी. पुढं हळूहळू सगळीकडंच तसं झालं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सूनबाईंना मी एकच काम दिलं. दवाखान्यात जाऊन बसायचं, रजिस्टरातलं एखादं नाव विचारायचं आणि समजूत अजिबात घालायची नाही. पहिल्या दिवशी दादा काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फुलीवाल्या बाईचं सगळं सांगितलं, सूनबाईंच्या डोळ्याला पाणी आलं तर त्यांनीच ड्रॉवरमधून कापूस काढून दिला.

दोन महिने झालेत. दादा अजून दवाखान्यात जातात, झोप पाच-सहा तास लागतेय, आणि दुपारचा भाकरीचा डबा आता तिथंच जातो, दोघांचा.