इबोला आणि लोकांचा अविश्वास

प्रश्न : 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या वोमे गावात इबोला या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातील आठ जणांना ठार मारण्यात आले, असे वाचनात आले. मदतीला आलेल्यांविषयी एवढा संशय का निर्माण व्हावा?

उत्तर : त्या हत्येचे समर्थन होऊच शकत नाही, मात्र तिला केवळ अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अंगभर झाकलेली अनोळखी माणसे येत, औषध फवारत, रुग्णाला घेऊन जात आणि पुष्कळदा तो परत येत नसे. तेव्हा ही फवारणीच रोग पसरवते, असा समज झाला. त्यातच इबोलावर इलाज नाही, असे सुरुवातीला सांगितले जात असल्याने उपचार केंद्रात जावे तरी कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता.

सर्वांत खोल जखम अंत्यविधीची होती. मृतदेहातही विषाणू संसर्गक्षम राहत असल्याने त्याला स्नान घालणे धोक्याचे होते, परंतु आप्तांना दूर ठेवून घाईने उरकलेले दफन त्यांना विटंबनाच वाटे. (1897 च्या प्लेगमध्ये पुण्यातील सक्तीच्या घरझडतीने उसळलेला संताप आपल्याला ठाऊक आहेच.) नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती जाहीर केली, तीत कुटुंबाची संमती, प्रार्थना आणि धर्मगुरूंचा सहभाग यांना स्थान मिळाले. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते.