इंग्रजी शिकायला परदेशात किती आठवडे राहावं : ४, १२ की २५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. झालंय, इंग्रजी वाचून समजतं पण बोलताना तोंड उघडत नाही. हाताशी साधारण आठ लाख रुपये आहेत. एजंट आयर्लंडचा २५ आठवड्यांचा कोर्स घ्या म्हणतो, मित्र म्हणतात महिनाभर पुरे. पुढे निर्यातीच्या कामात नोकरी करायची आहे, परदेशात कायमचं राहायचं नाही.

तुमच्या बाबतीत मी १२ आठवडे सांगेन, आणि त्याआधी घरी राहून तेवढ्याच आठवड्यांची नेटाने तयारी. हा आकडा कुठून आला ते कळलं तर तुमच्या परिस्थितीप्रमाणे तो तुम्हालाच कमीजास्त करता येईल.

आधी तासांचा हिशेब. युरोपात भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा मोजतात; ए१ सगळ्यांत खालची, सी२ सगळ्यांत वरची. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या ठोकळ अंदाजाप्रमाणे शून्यापासून ए२ पर्यंत १८० ते २०० तास मार्गदर्शनाखालचं शिक्षण लागतं, बी१ पर्यंत ३५० ते ४००, बी२ पर्यंत ५०० ते ६०० आणि सी१ पर्यंत ७०० ते ८००. म्हणजे एक पायरी चढायला सुमारे २०० तास. आता भाषाशाळेच्या माहितीपत्रकात 'आठवड्याला २० लेसन' असं लिहिलेलं असतं. हा लेसन बऱ्याच ठिकाणी ४५ मिनिटांचा असतो, म्हणजे आठवड्याचे प्रत्यक्ष १५ तास. चार आठवड्यांचे ६०, बाराचे १८०, पंचवीसचे ३७५. त्यातून पहिल्या सोमवारची चाचणी, सार्वजनिक सुट्ट्या आणि सर्दीतापाचे एकदोन दिवस वजा करा. बारा आठवड्यांत हातात १६५च्या आसपास तास येतात. उरलेले वर्गाबाहेर भरून काढले तर एक पायरी पूर्ण होते. चार आठवड्यांत पायरीचा तिसरा हिस्सासुद्धा धड होत नाही. तेवढ्यात भीड थोडी चेपते, कान थोडा तयार होतो आणि परतायची वेळ येते.

पण हे तास मोजायचे कुठल्या पातळीपासून? मराठी माध्यमातल्या मुलांचं घोडं नेमकं इथे अडतं. आपल्याकडे व्याकरण आणि भाषांतर पक्कं करून घेतात, बोलणं राहून जातं. त्यामुळे भाषाशाळेच्या लेखी चाचणीत तुम्ही बी१ किंवा बी२ ठराल, आणि बोलण्यात ए२. लेखी गुणांवर वरच्या वर्गात बसवलं तर तिथली ब्राझील, इटली, तुर्कस्तानची मुलं व्याकरणात चुकत पण धडाधड बोलत असतात आणि आपला विद्यार्थी बरोबर वाक्य मनात जुळवत बसतो. तो एरवी सगळ्यांत अचूक लिहितो, म्हणून शिक्षकाच्याही लवकर लक्षात येत नाही. तेव्हा ऑनलाइन लेखी चाचणीवर विसंबू नका. कुणा जाणकाराकडून १५ मिनिटांची तोंडी चाचणी करून घ्या आणि बोलण्याची पातळी वेगळी लिहून ठेवा. किती आठवडे लागतील हे त्या पातळीवर ठरतं.

बोलण्याची पातळी बी१च्या खाली असेल तर इतक्यात जाऊ नका, हे मी ठासून सांगतो. ए२ला असताना बस थांब्यावर, दुकानात, घरमालकिणीशी होणारं बोलणं कानावरून नुसतं वाहून जातं; त्यातून शिकायला काही मिळत नाही. परदेशात राहण्याचा खरा फायदा वर्गाबाहेरच्या या बोलण्यातच आहे आणि तो बी१पासून पुढे मिळू लागतो. ए२ ते बी१ ही पायरी सोलापुरातसुद्धा चढता येते, मग ती युरो मोजून कशाला चढायची?

घरची तयारी रोज दीड तासाची ठेवा, आठवड्याला सहा दिवस. बारा आठवड्यांत १०८ तास होतात. त्यातला अर्धा वेळ ऐकण्याला द्या: ब्रिटिश किंवा आयरिश रेडिओवरच्या पाच मिनिटांच्या बातम्या, तोच तुकडा तीनदा, तिसऱ्यांदा लिहून काढत. वीस मिनिटं स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पुन्हा ऐका. उरलेल्या वेळात आपल्या ठरलेल्या चुका घालवा. 'मी इथे पाच वर्षं काम करतोय' हे आपण 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं सरळ उचलतो. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे जिभेवर बसवावं लागतं. 'ए', 'ॲन', 'द' मराठीत नाहीतच, म्हणून ते गळतात. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना आपला एकच 'व' लागतो, त्यामुळे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखेच ऐकू येतात. मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकाराने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप'मध्ये कान फसतो. हे सगळं घरी दुरुस्त होतं. परदेशातले तास या कामात गेले तर वाया गेले असं मी समजतो.

आता पैसे. खर्चाचे दोन भाग करा: एकदाच होणारा (तिकीट, व्हिसा, विमा, नोंदणी, कपडे) आणि दर आठवड्याचा (फी, राहणं, जेवण, प्रवास). उदाहरणापुरतं धरू की पहिला दीड लाख आणि दुसरा आठवड्याला ४० हजार. चार आठवड्यांना एकूण ३ लाख १० हजार, म्हणजे आठवड्याला ७७,५०० पडतात. बारा आठवड्यांना ६ लाख ३० हजार, आठवड्याला ५२,५००. पंचवीस आठवड्यांना ११ लाख ५० हजार, आठवड्याला ४६,०००. चारावरून बारावर जाताना आठवडा २५ हजारांनी स्वस्त होतो, बारावरून पंचवीसवर जाताना जेमतेम साडेसहा हजारांनी. 'जास्त आठवडे घ्याल तेवढं स्वस्त' हे म्हणणं एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. तुमचे खरे आकडे घालून हा तक्ता स्वतः मांडा. शाळांचे दरही टप्प्यांनी उतरतात, बऱ्याचदा १२व्या आणि २४व्या आठवड्याला. म्हणून ११ आठवड्यांचं कोटेशन आलं तर बाराचंही मागवा. फरक कधी कधी अगदी थोडा निघतो.

व्हिसाचे नियम आठवडे ठरवायला भाग पाडतात. आयर्लंडमध्ये ९० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी अल्प मुदतीचा 'सी' व्हिसा असतो. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, वर सहा दिवस उरतात, तेवढ्यात हे बसतं. मात्र तो तिथे वाढवून मिळेल असं धरून चालू नका आणि त्यावर कामही करता येत नाही. एजंटचा २५ आठवड्यांचा कोर्स म्हणजे तिथली दुसरी चौकट: २५ आठवडे वर्ग आणि आठ आठवडे सुट्टी मिळून आठ महिन्यांची परवानगी. कोर्स सरकारमान्य यादीतला हवा, आठवड्याला किमान १५ तास, हजेरी ८५ टक्के आणि शेवटी परीक्षा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं.

या २० तासांमुळेच लोक २५ आठवड्यांकडे ओढले जातात आणि इथेच बेत बिघडतो. सकाळी वर्ग, संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी किंवा गोदामात पेट्या. सोबतीला बहुधा आपल्यासारखेच नवखे. तिथे ऐकू येणारं इंग्रजी शंभरएक शब्दांत संपतं. घरी येऊन झोप, सकाळी वर्गात पेंग. हजेरी घसरली की परवानगीवर टाच येते. कमाईचा आधार धरूनच बजेट जमत असेल तर इतके आठवडे घेऊ नका. ग्राहकांशी बोलावं लागेल असं काम, तेही दोन महिने झाल्यावर मिळालं, तर मात्र ते वर्गाइतकंच उपयोगी ठरतं.

ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त शाळेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं. त्याहून जास्त, अकरा महिन्यांपर्यंत, इंग्रजीसाठी वेगळा अल्पकालीन अभ्यास व्हिसा आहे. दोन्हींवर काम करता येत नाही आणि तिथूनच पुढच्या विद्यार्थी व्हिसावर जाता येत नाही. तुमच्यासारख्याला ब्रिटनचा फायदा एवढाच की १२ आठवड्यांचा कोर्स घेतला आणि दहाव्या आठवड्यात वाटलं की अजून तीन-चार हवेत, तर सहा महिन्यांच्या मुदतीत जागा असते. ऑस्ट्रेलियात व्हिजिटर व्हिसावर तीन महिनेच शिकता येतं, आणि जुलै २०२४पासून तिथे गेल्यावर तो विद्यार्थी व्हिसात बदलता येत नाही. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, पण व्हिजिटर व्हिसा लागतोच. शुल्कं आणि शिल्लक दाखवायच्या रकमा सतत बदलतात. अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरच बघा, एजंटच्या कागदावर नाही. आणि 'एवढे आठवडे का?' याचं उत्तर अर्जाच्या पत्रात लिहा: आजची पातळी, हवी असलेली पातळी, त्याला लागणारे तास. असा हिशेब नसलेला लांबलचक कोर्स अधिकाऱ्याला नोकरीसाठीची वाट वाटू शकतो.

आठवडे वाढवल्याने प्रगती त्याच गतीने वाढत नाही. पहिले दोन आठवडे स्थिरस्थावर होण्यात जातात. तिसऱ्या-चौथ्यात कान उघडतो. पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचा काळ सगळ्यांत मोलाचा: शब्द मराठीतून फिरून न येता थेट येऊ लागतात. त्यानंतर बऱ्याच जणांची गाडी मंदावते, कारण आहे त्या इंग्रजीत दिवस निभावतो आणि मित्रही ठरून गेलेले असतात. शाळेकडूनही एक अडचण येते. भाषाशाळांत दर सोमवारी नवे विद्यार्थी येतात, म्हणून पुस्तक सलग पुढे जाण्याऐवजी चक्रासारखं फिरतं. त्याच वर्गात १२-१४ आठवडे झाले की तेच धडे पुन्हा समोर येतात. फी भरण्याआधी ईमेलने विचारा: एका पातळीचं पुस्तक किती आठवड्यांत फिरतं, वर्ग बदलण्याची चाचणी कधी असते, वर्गात जास्तीत जास्त किती जण, तुमच्या महिन्यांत कुठल्या देशांचे विद्यार्थी असतात. मोघम उत्तर आलं तर ती शाळा सोडा.

जुलै-ऑगस्ट टाळा. युरोपातल्या शाळकरी मुलांचे गट येतात, राहण्याचे दर चढतात, वर्ग दर आठवड्याला विस्कटतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर किंवा जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचे बारा आठवडे चांगले.

राहण्याचा प्रश्न आठवड्यांइतकाच महत्त्वाचा आहे. डब्लिनमध्ये घरांची फार टंचाई आहे, म्हणून कॉर्क, गॉलवे किंवा लिमरिकही बघा. निदान पहिले चार आठवडे स्थानिक कुटुंबात राहा, जमलं तर बाराही. शाकाहारी असाल तर अंडं-मासे चालतात की नाही हे आधीच लिहून कळवा आणि स्वयंपाकघर वापरता येतं का ते विचारा. कित्येक घरांत परवानगी नसते. पुण्या-नाशिकच्या मुलांनी मिळून घेतलेला फ्लॅट स्वस्त पडतो, जेवणही आपलं मिळतं, पण संध्याकाळी सहा ते रात्री अकरा मराठी-हिंदीत जातात. दिवसाचे पाच तास, बारा आठवड्यांचे चारशेहून जास्त, म्हणजे वर्गाच्या दुप्पट.

२५ आठवडे कुणाला योग्य? बोलण्यात पक्कं बी१ आहे, सी१ गाठायचंच आहे, आणि कमाई न धरता पूर्ण खर्च हाताशी आहे अशाला. विद्यापीठाचा प्रवेश ठरला असून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत अर्धा-एक बँड (गुणांची पायरी) कमी पडतोय, त्याने भाषाशाळेत न जाता त्याच विद्यापीठाचा प्री-सेशनल, म्हणजे सत्र सुरू होण्याआधीचा इंग्रजीचा, कोर्स विचारावा; ब्रिटनमध्ये कमी पडणाऱ्या बँडनुसार त्याचे आठवडे ठरतात. आणि नुसता आयईएलटीएसचा स्कोअर हवा असेल तर परदेशी जायची गरज नाही. परीक्षेची तयारी इथे नीट होते, आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य असल्याने फार आधी देऊनही उपयोग नाही.

पैसे भरताना पहिल्यांदा बाराच आठवड्यांचे भरा. वाढवलेल्या आठवड्यांना कुठला दर लागेल ते शाळेकडून लेखी घ्या. कोर्स मध्येच सोडला तर उरलेले पैसे बहुतेक परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम कापून किती दिवसांत परत देतात, आणि शाळा बंद पडली तर फी कोण भरून देतं, हेही लेखी हवं. आयर्लंडमध्ये २०१४-१५ साली बऱ्याच खासगी भाषाशाळा अचानक बंद पडून परदेशी विद्यार्थी अडकले होते. फी शक्यतो एजंटच्या खात्यात न भरता बँकेतून थेट शाळेच्या खात्यात पाठवा, आणि पावतीवर आठवड्यांची संख्या, तास आणि सुरू व्हायची तारीख छापलेली आहे ना ते बघूनच व्हिसाचा अर्ज करा.