एक दिवा गेला, तरी माळ चालू कशी राहते?

प्रश्न : एकसर जोडणीतील एक दिवा उडाला की सगळे दिवे बंद पडतात, असे शाळेत शिकलो होतो. परंतु माझ्याकडील फिलामेंटच्या दिव्यांच्या दोन माळांपैकी एक तशीच चालू राहते आणि दुसरी पूर्ण बंद पडते. असे का? उडालेला दिवा काढून तिथल्या तारा एकमेकींना जोडल्या तर चालेल का?

उत्तर : शाळेत शिकवलेला नियम बरोबरच आहे, चालू राहणाऱ्या माळेत करंटला दिव्याच्या आतूनच दुसरी वाट दिलेली असते. भिंगातून पाहिल्यास फिलामेंटच्या खाली, त्याला धरणाऱ्या दोन तारांभोवती एका बारीक तारेचे वेढे दिसतात. हा शंट. त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, वीजरोधक थर असतो. २३० व्होल्टवरील ५० दिव्यांच्या माळेत प्रत्येक दिव्याच्या वाट्याला ४.६ व्होल्ट येतात आणि तेवढे हा थर सहज रोखतो. फिलामेंट तुटताच करंट थांबतो, बाकीच्या दिव्यांवर व्होल्टेज उरत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एकाच दिव्यावर येतात. त्या ताणाने थर फुटतो, शंट वाहू लागतो आणि माळ पुन्हा उजळते. इतक्या लहानशा काचेत बसवलेली ही योजना मला फार मोलाची वाटते.

मात्र दिवा होल्डरमध्ये घट्ट बसलेला असेल तरच शंटचा उपयोग होतो. दिवा सैल झाला, किंवा होल्डरमधील तार गंजली, तर शंट असूनही माळ बंद पडते. म्हणून प्लग काढून आधी प्रत्येक दिवा दाबून पाहावा.

विमानतळाच्या धावपट्टीवर हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवतात. तिथे मंडलातील करंट नियामकाद्वारे स्थिर, पूर्ण तेजासाठी ६.६ अँपिअर, ठेवतात आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर देतात. दिवा गेला तरी ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी, म्हणजे मुख्य मंडलात जोडलेली तारेची गुंडाळी, अखंड राहते आणि पुढचे दिवे त्याच तेजाने जळतात.

आपल्या माळेत असा नियामक नसतो. एक दिवा कमी झाला की उरलेल्या ४९ दिव्यांवर सुमारे २ टक्के जास्त व्होल्टेज येते, आणि एवढ्यानेही फिलामेंटचे आयुष्य जवळपास पाव हिश्शाने घटते. १० दिवे गेले तर प्रत्येकावर ५.७५ व्होल्ट येतात. मग दिवे भराभर उडू लागतात.

तारा परस्पर जोडल्यास नेमके हेच होते, म्हणून ते करू नये. काही माळांत शंट नसलेला एक फ्यूज-दिवा मुद्दाम बसवलेला असतो. त्याच्या जागी तारा जोडल्या तर माळेचे संरक्षणच जाते. त्याऐवजी गेलेला दिवा शक्य तितक्या लवकर, प्लग काढून आणि त्याच व्होल्टेजचा व करंटचा नवा आणून बदलावा.