सोसायटीचे दप्तर ऑनलाइन ठेवून सभासदांना दाखवायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी: चाळीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे तुम्ही नुकतेच सचिव झाला आहात, आजवरचे दप्तर काही कपाटात तर काही आधीच्या सचिवांच्या लॅपटॉपवर आहे, आणि ते इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवून सभासदांना हवे ते कागद पाहता यावेत अशी तुमची इच्छा आहे. कोणती सेवा घ्यावी, पैसे किती लागतील आणि हे सगळे झाल्यावर जुने कागद टाकून देता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. कल्याणमधील ५६ सदनिकांच्या आमच्या संस्थेत हेच काम मी सचिव असताना केले, त्यात एक मोठी चूकही केली, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

कोणती सेवा घ्यावी हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो, कारण त्याआधी खाते कोणाच्या नावावर असेल हे ठरवावे लागते. आमच्याकडे माझ्याआधीच्या सचिवांनी मोठ्या हौसेने बरेच कागद स्कॅन करून आपल्या खासगी जीमेल खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवले होते. पुढे ते मुलाकडे परदेशी गेले, जुना मोबाइल क्रमांक बंद झाला, पासवर्ड त्यांनाही आठवेना, आणि खात्याची ओळख पटवणारा संदेश त्याच बंद क्रमांकावर जात राहिला. कोणाचीही नियत वाईट नसताना चार वर्षांचे काम कुलूपबंद झाले. गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्याला यासाठी वेगळे उदाहरण द्यायची गरज नाही. इमारत उभी असते, लोक राहत असतात, देखभाल शुल्क भरत असतात, पण अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून देणे, झाले नसेल तर जमीन कागदोपत्री दुसऱ्याच्याच नावावर असते. सचिवाच्या खासगी खात्यात ठेवलेल्या दप्तराचे नेमके तसेच असते.

म्हणून पहिले काम हे की संस्थेसाठी स्वतंत्र खाते (आम्ही गूगलचे घेतले, कारण पुढे येईल) उघडावे, त्यात कोणत्याही व्यक्तीचे नाव न घालता संस्थेचे नाव किंवा नोंदणी क्रमांक ओळखू येईल असा पत्ता घ्यावा, आणि खाते उघडल्याची नोंद समितीच्या सभेच्या इतिवृत्तात करावी. पासवर्ड विसरल्यास वापरायचा मोबाइल क्रमांक एका पदाधिकाऱ्याचा व पर्यायी ईमेल दुसऱ्याचा ठेवावा, म्हणजे एकच माणूस गेल्याने दार बंद होत नाही. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवून घेण्याची सोय, अवश्य सुरू करावी. ती सुरू केल्यावर फोन हाती नसताना वापरण्यासाठी गूगल दहा राखीव कोड देते, त्यांपैकी प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कोड छापून, पाकिटात बंद करून, पाकिटावर अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सह्या घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवा. समिती बदलली की चार्ज देण्याघेण्याच्या यादीत शिक्का, धनादेश पुस्तिका आणि किल्ल्यांबरोबर या खात्याचाही उल्लेख असावा, नव्या समितीने त्याच दिवशी पासवर्ड, पुनर्प्राप्तीचा क्रमांक आणि पर्यायी ईमेल बदलावा आणि राखीव कोडही नव्याने काढून घ्यावेत. दोन वर्षे कोणी खाते उघडलेच नाही तर गूगलच्या धोरणानुसार ते पुसले जाऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

आता सेवेविषयी. गूगल ड्राइव्ह १५ जीबी जागा मोफत देते, मात्र ती जीमेल आणि गूगल फोटोज यांना मिळून असते. मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह आणि ॲपलची आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी. यांत तांत्रिकदृष्ट्या कोणतीही सेवा तुम्हाला पुरेशी होईल, पण बहुतेक सभासदांच्या हाती अँड्रॉइड फोन आणि त्यात गूगलचे खाते आधीपासून असते, एवढ्याच कारणासाठी मी ड्राइव्ह निवडले. डिजिलॉकरविषयी काही सभासद विचारतील. ती २०१५ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा उत्तम आहे, परंतु ती व्यक्तीच्या स्वतःच्या कागदपत्रांसाठी आहे, संस्थेच्या दप्तरासाठी नाही.

पैशांची चिंता तूर्त करू नका. आमचे पंचवीस वर्षांचे दप्तर साधारण चार हजार पानांचे निघाले, एका पानाचे स्कॅन सरासरी ४०० केबीच्या आसपास भरले, म्हणजे सगळे मिळून दोन जीबीसुद्धा झाले नाही. जागा संपते ती वेगळ्याच कारणांनी. आमच्या एका उत्साही सदस्याने सीसीटीव्हीचे चित्रीकरणही तेथेच साठवावे असे सुचवले होते. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला २१ जीबीहून अधिक भरतात, म्हणजे मोफत जागा पहिल्याच संध्याकाळी संपली असती. चित्रीकरण त्याच्या रेकॉर्डरमध्येच राहू द्या. संस्थेचे खाते कोणाच्या फोनमध्ये घातले असेल, तर त्या फोनवरील फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप या खात्यात जात नाही ना, हेही तपासा; गणेशोत्सवाच्या व्हिडिओंनी आमची जागा एकदा अशीच निम्मी व्यापली होती.

स्कॅन करण्यासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही. ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमध्येच स्कॅन करण्याची सोय असून ते पानांच्या कडा कापून थेट पीडीएफ बनवते. कॅमस्कॅनर हे ॲप पूर्वी घराघरांत होते, पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचा समावेश होता, त्यामुळे कोणी त्याचे नाव सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. फाइलचे नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग विषय असा क्रम ठेवा, उदाहरणार्थ ‘२०२३-०८ वार्षिक सभा इतिवृत्त’, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. नावातील अंक मराठी ठेवायचे की इंग्रजी हे एकदाच ठरवून टाका. आम्ही दोन्ही मिसळले आणि पुढे शोधताना बराच वैताग सहन केला. आणखी एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे जुन्या नोटिसा आणि पत्रे. ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असतील तर त्यांची वर्ड फाइल सभासदाच्या फोनवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तेथेच तिची पीडीएफ करून घ्या आणि मगच ती चढवा. नवी पत्रे मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या प्रमाणित पद्धतीतच, टंकलिखित करा, म्हणजे त्यांतील शब्दही शोधता येतील.

चढवताना एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही संस्थेच्या खात्यातील फोल्डर खजिनदारांना ‘एडिटर’ (भर घालण्याची व बदलण्याची मुभा असलेला) म्हणून उघडून दिला आणि त्यांनी आपल्या खासगी खात्यातून त्यात ताळेबंद टाकला, तर फोल्डर संस्थेचा असला तरी ती फाइल मालकीने खजिनदारांचीच राहते, त्यांच्याच जागेत मोजली जाते आणि त्यांनी आपले खाते बंद केले तर त्याबरोबर तीही जाते. मालकी नंतर संस्थेच्या खात्याकडे सोपवता येते, पण खासगी खात्यांत तसा प्रस्ताव पाठवून समोरच्या खात्याने तो स्वीकारावा लागतो. चाळीस फाइलींसाठी हे करण्यापेक्षा दप्तर संस्थेच्या खात्यातूनच चढवायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावणे सोपे.

आता सभासदांना दाखवण्याचा भाग, ज्यात माझी चूक झाली. ड्राइव्हमध्ये फाइल किंवा फोल्डर दुसऱ्याला देण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एकात तुम्ही प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालता आणि त्याच लोकांना ती उघडते. दुसऱ्यात ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ती उघडते, लॉगिनही करावे लागत नाही. मी घाईत दुसरा मार्ग घेतला आणि वार्षिक सभेच्या आदल्या रात्री लिंक संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. लिंक ताळेबंदाच्या फोल्डरची असेल असा माझा समज होता, प्रत्यक्षात ती त्याच्या वरच्या, म्हणजे संपूर्ण दप्तराच्या फोल्डरची होती, आणि वरचा फोल्डर उघडा केला की आतले सगळे फोल्डर उघडे होतात. त्यात भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. सकाळी एका सभासदाने फोन करून सांगितले तेव्हा लिंक बंद केली, पण तोवर ती कोणी कोठे पुढे पाठवली याचा पत्ता लावण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर आम्ही दप्तराचे दोन वेगळे फोल्डर केले, एकाच्या पोटात दुसरा नाही. वाटणी करताना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ३२ चा आधार घेतला. त्यानुसार सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. यांपैकी उपविधी, ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते आम्ही पहिल्या फोल्डरमध्ये ठेवली. सभासद नोंदवही मुद्दाम ठेवली नाही, कारण कार्यालयात येऊन वही पाहण्याचा हक्क आणि सर्वांचे तपशील प्रत्येकाच्या फोनवर पोहोचवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे माझे मत आहे. समितीच्या इतिवृत्तांत थकबाकीदारांची नावे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी असतात, म्हणून तीही कार्यालयातच दाखवतो. नामनिर्देशन अर्ज, भाडेकरार आणि ओळखपत्रे दुसऱ्या फोल्डरमध्ये, केवळ अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्यासाठी. आधारची प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार मागावे.

पहिला फोल्डर सभासदांना देण्यासाठी ५६ पत्ते एकेक करून घालत बसण्यापेक्षा गूगल ग्रुप्समध्ये संस्थेचा एक गट करून फोल्डर त्या गटाला ‘व्ह्यूअर’ (फक्त पाहू शकणारा) म्हणून द्यावा. सदनिका विकली गेली की जुन्या सभासदाचा पत्ता गटातून काढायचा आणि नव्याचा घालायचा, फोल्डरला हात लावायची गरज राहत नाही. यासाठी सभासदाकडे गूगल खाते हवे आणि फोनवर तो त्याच खात्याने लॉगिन असायला हवा. ‘मला परवानगी मागतो आहे’ अशा दहापैकी नऊ तक्रारींचे मूळ येथेच निघाले. जी ज्येष्ठ मंडळी या भानगडीत पडू इच्छित नाहीत त्यांना नोटीस व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवा, किंवा सरळ छापील प्रत द्या. त्यात कमीपणा काही नाही. ताळेबंदासारखी दुरुस्त होऊ शकणारी फाइल मात्र पाठवण्याऐवजी तिची लिंक द्यावी, कारण आकडा बदलला तर ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून नवी प्रत त्याच लिंकवर चढवता येते आणि सभेत तीन जणांच्या हाती तीन वेगळे ताळेबंद दिसत नाहीत. कोणतीही लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे जेथे तुमचे खाते लॉगिन नसते तेथे, स्वतः उघडून पाहा. लॉगिन मागितले तर ठीक, फाइल सरळ उघडली तर ती जगाला उघडी आहे असे समजा.

ऑनलाइन ठेवले म्हणजे सुरक्षित झाले असे मात्र मानू नये. ड्राइव्हमधून पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते, आणि संगणकावरील फोल्डर ड्राइव्हशी जोडून दोन्हीकडे सारखा ठेवला असेल तर एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. म्हणून दर तीन महिन्यांनी गूगल टेकआउटमधून संपूर्ण प्रत उतरवून आम्ही ती एका हार्ड डिस्कवर घेतो, आणि ती डिस्क कार्यालयात न ठेवता तिसऱ्या मजल्यावरील खजिनदारांच्या घरी ठेवतो. मजल्याचा उल्लेख सहज केलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी आमच्या तळमजल्यावरील कार्यालयात कमरेइतके पाणी होते आणि कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरील वह्यांचा लगदा झाला होता.

तरीही तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. सह्या असलेले इतिवृत्त पुस्तक, अभिहस्तांतरणाचा दस्त, मंजूर नकाशे, मूळ नामनिर्देशन अर्ज आणि लेखापरीक्षण अहवाल यांचे स्कॅन ही फक्त सोय आहे; वाद उपनिबंधकांकडे किंवा न्यायालयात गेला की मूळ कागदच मागितला जातो. तेव्हा कपाट ठेवा, फक्त ते वरच्या मजल्यावर हलवता आले तर पाहा.