वेल ओळखताना फुलाआधी पान पाहा

प्रश्न : मे महिन्यात सिंहगडाच्या पायवाटेवर पांढऱ्या, सुवासिक फुलांचा वेल झाडावर चढलेला दिसला. हा रानातला हनीसकल का? (कोथरूड)

उत्तर : वर्णनावरून हा कुसर वाटतो, काही जण रानमोगराही म्हणतात. पुण्याच्या आसपासच्या सह्याद्रीत हनीसकल आपणहून उगवत नाही. त्यासाठी हिमालय किंवा निलगिरी गाठावी लागते. कुसराची पानं साधी, रुंद, टोकदार आणि समोरासमोर असतात. एक पान खुडून बघा, पांढरा चीक आला तर तो कुसर नाही. मग फूल हातात घ्या. बारीक नळी, तिच्या तोंडाशी सहा ते दहा अरुंद पाकळ्या आणि आत फक्त दोन पुंकेसर (परागकण धरणारे तंतू). हनीसकलचे पुंकेसर पाच आणि फूल बहुधा दोन ओठांचं. वरच्या ओठाला चार दाते, खालचा एकच आणि अरुंद. पुंकेसर मोजले की वादच उरत नाही.

रानजाईशीही गल्लत होते. पण ती पावसाळा सरताना फुलते, पान संयुक्त (एका देठावर अनेक छोटी पानं) असतं आणि बीला पिसासारखी शेपटी येते.

प्रश्न : सोसायटीच्या कमानीवरची मधुमालती म्हणजेच हनीसकल ना? (औंध)

उत्तर : नाही. मधुमालतीला पाच सुट्या पाकळ्या असतात. संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग लाल होतं. बागेतला जपानी हनीसकल पांढऱ्याचा पिवळा होतो, लाल नाही.

प्रश्न : अमेरिकेत मुलीच्या घरामागच्या जंगलात हनीसकल आहे. तो तिथला की जपानी, कसं ओळखावं? (सहकारनगर)

उत्तर : फुलोऱ्याच्या लगेच खालची पानांची जोडी बघा. तिथल्या देशी वेलींत ही दोन पानं बुडाशी जुळून एकच होतात आणि देठ त्या पानातून आरपार गेल्यासारखा दिसतो. फुलं फांदीच्या टोकाला येतात, फळं लाल किंवा केशरी. जपानी वेलीची पानं कधीच जुळत नाहीत, फुलं पानांच्या बेचक्यात जोडीनं येतात आणि फळं काळी असतात. तो जमिनीवर पसरत जागोजाग मुळं धरतो आणि खालचा झाडोरा दडपून टाकतो, म्हणून तिथे तो काढतात.

चूक होते ती इथे : देशी वेलीच्या न फुललेल्या फांद्यांवरही पानं सुटीच असतात. तेवढ्यावरून जपानी ठरवून चांगला वेल उपटला जातो. फुलोरा येईपर्यंत थांबायला सांगा. फळं मुलांना खाऊ देऊ नका.

प्रश्न : कुसर घरी लावता येईल? (वारजे)

उत्तर : हो, पण वनखात्याच्या हद्दीतून उपटून नको. ओळखीच्या शेताच्या बांधावर वेल असेल तर जूनमध्ये दाबकलम करा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल पेराखाली दोनेक सेंटिमीटर खरवडा, ती जागा मातीत दाबून वर दगड ठेवा. पावसाळ्यात मुळं धरली की मूळ वेलीपासून कापून घ्या. माती सुकू दिली तर मुळं फुटत नाहीत. कुंडी लहान पडते. जमिनीत, आधाराजवळ लावा.